कामगारकथेतला गे पुरुष कामावर कधी जाणार?

टर्नरचा_मुलगा (लोकमान्य नगर, ठाणे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडतो. लांबेल, सांभाळून घ्या.

मी एक कथा लिहितोय. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात लेथवर काम करणारे दोन पुरुष, काळ साधारण १९९०च्या आसपासचा. दोघं किसन नगरला एका खोलीत राहतात आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे असं कुणी कसं लिहिलंय ते मला माहीतच नाही. म्हणून वाचत सुटलो.

मराठीत समलिंगी माणूस मला भेटला तो कॉलेजात किंवा पांढरपेशा घरात. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चं, त्यातली सुमित्रा कॉलेजात शिकणारी. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, पुण्यातल्या एका घरातले भाऊ-बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. दोन्ही माझ्या आवडीच्या. पण या माणसांना सकाळी सातची पाळी गाठायची नसते. आणि कामगारांबद्दलचं आपलं लेखन बघावं, तर नारायण सुर्वे झाले, जयंत पवारांचं 'अधांतर' झालं, तिथे घाम आहे, संप आहे, घरात बसलेली पोरं आहेत. एका पुरुषाला दुसरा पुरुष हवासा वाटतो, हे मात्र मला तिथे कुठे सापडलं नाही.

मग डग्लस स्टुअर्टची 'शगी बेन' वाचली, २०२० चं बुकर मिळालेली. ग्लासगो, १९८०चं दशक. खाण बंद पडलेली वस्ती, घराघरात रिकामे बसलेले पुरुष, दारूत बुडालेली आई आणि तिचा धाकटा मुलगा शगी, ज्याची चाल, बोलणं सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. त्याचा मोठा भाऊ लीक त्याला 'पुरुषासारखं' चालायला शिकवतो. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. का ते सांगतो.

आमच्या वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी आठवीत होतो. त्याआधी मी कसा बसतो, कसा हसतो याकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. सेकंड शिफ्ट करून बाबा रात्री बाराला यायचे, अंगाला कूलंटचा वास, जेवायचे, झोपायचे. टाळं लागलं आणि ते दिवसभर दारातल्या खुर्चीवर बसायला लागले. तेव्हा सुरू झालं. "पाय जोडून बसू नको." "हात असे काय हलवतोस?" "आवाज खाली घे, पुरुषासारखा बोल." मी गे नाही, आज बायको-मुलं आहेत. तरी वर्षभर हे चाललं. मग त्यांना भिवंडीला गोडाऊनवर वॉचमनची नोकरी लागली आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते बोलणं बंद. मला तेव्हा कळलं नाही. कादंबरी वाचल्यावर कळलं. हातातलं काम गेलं की मर्दानगी सांभाळायला दुसरी जागा उरत नाही, मग ती घरातल्या पोरावर सांभाळली जाते.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ ची. त्यातल्या किती कारखान्यांच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत, ते ठाणेकरांना सांगायला नको. त्या टाळ्यांमागे किती घरांत असा 'चाल सुधार' वर्ग भरला असेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. कामगाराच्या गोष्टीत गे पुरुष येतो तो पाहुण्यासारखा. त्याला दुःख मिळतं, पाऊस मिळतो, खिडकी मिळते. काम मिळत नाही. त्याच्या हातात माप घ्यायचा वर्नियर द्या, त्याला ओव्हरटाइम करू द्या, सुपरवायझरशी भांडू द्या. मर्दानगीचा प्रश्न तिथेच आहे, कारण आपल्याकडे गरीब पुरुषाला 'पुरुष' ठरवतं ते त्याचं काम.

तुम्ही काय वाचलंय? आणि हे कसं लिहावं?

पुस्तकवेडी (नौपाडा)

धागा वाचून आनंद झाला. स्टुअर्टची दुसरी कादंबरीही वाचा, 'यंग मंगो', २०२२ ची. प्रोटेस्टंट मंगो आणि कॅथलिक जेम्स, दोघं शाळकरी वयाचे. जेम्स कबुतरं पाळतो. मंगोचा भाऊ टोळीचा म्होरक्या, त्याला भावाला मारामारीत उतरवून 'मर्द' करायचंय. आणि आई त्याच कारणासाठी त्याला दोन परक्या माणसांबरोबर मासेमारीला पाठवते. पुढचं सांगत नाही, पण 'पुरुष करणं' म्हणजे मुलाला नेमकं कुणाच्या हाती सोपवणं, ते वाचून अंगावर काटा येतो.

एक दुरुस्ती. हातात काम असलेला समलिंगी पुरुष मराठीत अजिबात नाही असं आता म्हणता येणार नाही. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' हा सिनेमा पाहिलात का? २०२५ ला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी जातो, तिथे त्याला बाळ्या भेटतो, शेतकरी. आईला मुलाचं माहीत आहे. ती आई मला फार भावली. मोठं भाषण नाही, रडारड नाही.

टर्नरचा_मुलगा

पाहिलाय ताई, आणि तुमचं बरोबर आहे, लिहिताना राहूनच गेलं. तो सिनेमा आहे म्हणून कादंबऱ्यांच्या यादीत डोक्यात आला नाही. पण बाळ्या गावचा. माझं मन शहरातल्या गाळ्यात अडकलंय.

स्पष्ट_बोलतो (घोडबंदर रोड)

मला राग धरू नका, पण यातलं काही पटत नाही. कामगार साहित्याचा जीव वर्गात आहे. मालक, मजूर, भूक, भाडं. त्यात आता कुणाला कोण आवडतं हा प्रश्न आणला की मूळ प्रश्न बाजूला पडतो. पुस्तकंही बघा, ग्लासगोची. तिथले प्रश्न इथे चिकटवायचे कशाला? कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा निकाल दिला, सज्ञानांनी संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा राहिले नाहीत. मग आता साहित्यात एवढी चर्चा कशासाठी?

कळवा_नाका

स्पष्ट_बोलतो, मी ७४ वर्षांचा आहे. आयुष्य युनियनमध्ये गेलं. तुमचा मुद्दा आमच्या बैठकांत मी स्वतः शंभर वेळा मांडलेला आहे, बायकांचा प्रश्न आला तेव्हाही आणि जातीचा आला तेव्हाही. "आधी वर्ग, मग बाकीचं." चुकलो होतो.

ब्रिटनमध्ये १९८४-८५ ला खाणकामगारांचा वर्षभर संप चालला. तेव्हा लंडनमधल्या गे आणि लेस्बियन मंडळींनी गट काढून वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यातल्या संपकऱ्यांसाठी डबे घेऊन पैसे गोळा केले. खाणीतली माणसं सुरुवातीला अवघडली. पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनच्या प्राइड मोर्चात खाणकामगार आपले बॅनर घेऊन पुढे चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव झाला, त्याला खाणकामगार युनियनने मतं दिली. वर्गलढा त्याने पातळ झाला नाही.

आमचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाख कामगार. आम्ही कळव्याहून, ठाण्याहून धान्य गोळा करून लालबागला पोचवत होतो. त्या अडीच लाखांत असे किती असतील? एकालाही आम्ही कधी ओळखलं नाही. ओळखायची आमचीच तयारी नव्हती. पोत्याच्या रांगेत दोन पोरं गळ्यात गळे घालून उभी असली तर 'जिगरी दोस्त' म्हणून आम्ही पुढे जायचो.

माथाड्याची_लेक (कोपरखैरणे)

काकांच्या शेवटच्या वाक्यावर थांबले. कारण मला हेच लिहायचं होतं.

माझे वडील माथाडी, कांदा-बटाटा मार्केटला. सुरुवातीची वर्षं त्यांनी मशीद बंदरला गावच्या खोलीत काढली. सातारकडची तीस-चाळीस माणसं, अंथरूणाला अंथरूण लागलेलं, पाळीने झोपायचं. अशा खोलीत पुरुष पुरुषाला हात लावतो याला काही अर्थच नसतो. एकमेकांची पाठ रगडायची, कारण गोणी उचलून ती धरलेली असते. डोक्याला तेल लावायचं. एकाच ताटात जेवायचं. ताप आला तर उशाशी रात्रभर कुणीतरी बसायचं. आजही वडील आणि त्यांचे टोळीतले मित्र रस्त्याने हातात हात घालून चालतात.

म्हणून इंग्रजी पुस्तकांतला तो 'पहिला स्पर्श' इथे जसाच्या तसा आणला की खोटा वाटतो. ग्लासगोत पुरुषाने पुरुषाचा हात धरला तर आकाश कोसळतं. तुर्भ्याच्या मार्केटात कुणी वळूनही बघत नाही. आपल्याकडचं अवघडलेपण दुसरीकडे आहे. सगळा स्पर्श चालतो, पण त्याला नाव द्यायचं नाही, आणि वय झालं की लग्न करायचं. दोन्ही अटी पाळल्या तर कुणी काही विचारत नाही.

आणि मग विचारते, या कथांमध्ये बायको कुठे असते? आमच्या नात्यात एक मावशी आहे. लग्नाला एकवीस वर्षं झाली. नवरा चांगला, दारू नाही, मारहाण नाही, पगार हातात देतो. फक्त तिच्याकडे बघत नाही. सासू म्हणायची, "तुला नवऱ्याला धरून ठेवता येत नाही." तिने उपास केले, मांत्रिक केले, आवडत नसताना लिपस्टिक लावली. त्याचा मित्र दर रविवारी जेवायला यायचा आणि ती दोघांना वाढायची. तिला कळलं कधी माहीत आहे? त्या मित्राची बदली झाली तेव्हा नवरा मोरीत जाऊन नळ सोडून रडला. तिने बाहेरून ऐकलं आणि दार न वाजवता भाकऱ्या करत बसली. मला म्हणाली, "पहिल्यांदा मला त्याची कीव आली गं. आणि स्वतःची जास्त."

टर्नरचा_मुलगा दादा, तुमच्या कथेतल्या दोघांपैकी एकाचं तरी लग्न झालेलं असणार. त्या बाईला दोन ओळींत उरकू नका.

पुस्तकवेडी

ताई, हे तुम्हीच लिहा. खरंच.

गॅस_चार्जिंग (घणसोली)

मी हा धागा तीन दिवस वाचतोय. इथे पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन चुकलं तर माफ करा.

मी एसी मेकॅनिक आहे. गे आहे. हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदा लिहिलं. घरी यासाठी शब्दच नाही. गावाकडे 'तसला' म्हणतात, साइटवर म्हणतात ते इथे लिहीत नाही. 'समलिंगी' हा शब्द बातमीतला वाटतो, आईला सांगायला जमत नाही.

दोन गोष्टी सांगतो.

पहिली, काम. आउटडोअर युनिट बसवायला आम्ही चौदाव्या मजल्याच्या छज्जावर उतरतो. एक जण बाहेर, एक जण आत दोर धरून. बाहेरच्याच्या कमरेला पट्टा असतो, पण खरा भरवसा आतल्याच्या हातावर. आतल्याने फोन उचलायचा नाही, पाणी प्यायला जायचं नाही. मी ज्याच्यासाठी चार वर्षं दोर धरला, त्याला मी कधी काही बोललो नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, अजून आम्ही जोडीने कामाला जातो. त्याला काही कळलंय का, माहीत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हातात दोर असेल तर तो खाली उतरत नाही. हे प्रेम आहे का? मला विचाराल तर आहे. तुमच्या पुस्तकांत मला असलं काही मिळालं नाही. तिथे दोघं लगेच मिठीत येतात आणि मग लगेच मार खातात.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची. मला मिशी आहे, आवाज जाड आहे, पाने-पकडी घेऊन फिरतो. माझ्यावर कुणाला शंका येत नाही. आमच्या चाळीत एक मुलगा होता, चालताना कंबर हलायची, बोलताना हात. सगळ्या शिव्या त्याच्या वाट्याला. मीही हसलोय त्याच्यावर, चारजणांत, स्वतःला वाचवायला. ते आठवलं की आजही जेवण जात नाही. हल्ली ज्या गोष्टी, वेब सिरीज येतात त्यांत नायक माझ्यासारखा असतो. दणकट, दाढीवाला, "बघून वाटणार पण नाही" असा. लोक कौतुक करतात, बघा, गे असून किती मर्द दाखवलाय. अरे, मग त्या कंबर हलवणाऱ्या पोराचं काय? त्याला परत गोष्टीच्या बाहेर उभं केलंत ना?

तो पोरगा आमच्या गोविंदा पथकात होता. अंगाने हलका, तोल जबरदस्त. सहाव्या थरावर तोच जायचा. सरावाच्या महिन्यात त्याला कुणी काही बोलायचं नाही, कारण तो पडला तर सगळेच पडणार. हंडी फुटली की दुसऱ्या दिवशीपासून परत सुरू. त्याच्यावर लिहा. तो आता कुठे आहे मला माहीत नाही.

आणि तुमच्या कथेत शेवटी कोण मरतं?

टर्नरचा_मुलगा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. खरं सांगतो, पहिल्या खर्ड्यात एक जण मरतो. रेल्वे रुळावर. मला तो शेवट जड आणि खरा वाटत होता. तुम्ही विचारलंत आणि मला त्याची लाज वाटली.

मी एवढा वेळ 'काम द्या, काम द्या' म्हणतोय, पण दोराची गोष्ट माझ्या डोक्यात आली नसती. माझे दोघं लेथवर शेजारी शेजारी उभे आहेत, इतकंच मी लिहिलंय. ते एकमेकांचा जॉब, म्हणजे लेथवर कापलेला तुकडा, तपासतात का? एकाचा कट चुकला तर दुसरा सुपरवायझर यायच्या आत तो जॉब भंगारात लपवतो का? सगळं परत लिहायला लागणार.

कंबर हलवणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही बोललात ते मला लागलं. माझे दोन्ही नायक दणकट आहेत. मी ते मुद्दाम केलं होतं, 'बायकी' हा शिक्का पुसायला. म्हणजे मीही बाबांसारखंच म्हणत होतो, नीट चाल.

स्पष्ट_बोलतो

गॅस_चार्जिंग, तुमची माफी मागतो. "चर्चा कशासाठी" हे मी फार सहज लिहिलं. वर्गाचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण दोर धरणारा हात हा वर्गाचाच मुद्दा आहे हे मला दिसलं नव्हतं. कादंबरीपेक्षा वर्गाबद्दल थेट बोलणारं काही असेल तर सुचवा.

पुस्तकवेडी

एदुआर लुई वाचा. फ्रेंच, जन्म १९९२. उत्तर फ्रान्समधल्या गरीब गावातलं बायकी म्हणून मार खाल्लेलं बालपण त्याने २०१४ च्या कादंबरीत लिहिलं. मग २०१८ ला वडिलांना उद्देशून छोटं पुस्तक लिहिलं. ज्या बापाने त्याला 'मर्द हो' म्हणून छळलं, त्याची कारखान्यात पाठ मोडली, आणि नंतर सरकारांनी मदती कापत त्याला तशा पाठीने पुन्हा कामाला जुंपलं. राष्ट्राध्यक्षांची नावं घेऊन लिहिलंय. बापाला माफी देत नाही, पण त्याची मोडलेली पाठ नजरेआड करत नाही. टर्नरचा_मुलगा, तुमच्या दारातल्या खुर्चीवरच्या बाबांसाठी हे पुस्तक आहे.

कळवा_नाका

दोन दिवस विचार केला, सांगावं की नाही. नाव, कंपनी सांगणार नाही, माणसं आता हयात नाहीत.

युनियनमध्ये फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असायचं. पीएफचा नॉमिनेशन फॉर्म, फॉर्म नंबर २. नियम असा की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो. बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. यांपैकी कुणीच नसेल तर कुणाचंही नाव देता येतं. पण पुढे लग्न झालं की ते नॉमिनेशन आपोआप रद्द, नवीन भरावं लागतं.

आमचा एक मिलिंग मशीनवाला होता. आईवडील गेलेले, लग्न नाही. त्याने खोलीत सोबत राहणाऱ्याचं नाव सांगितलं. नात्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच लिहा साहेब, मला सुचत नाही." मी 'मित्र' लिहिलं. पुढे दर एक-दोन वर्षांनी घरचे स्थळ घेऊन यायचे आणि तो नाही म्हणायचा. एकदा मीच त्याला समजावायला गेलो, म्हातारपणी कोण बघेल वगैरे. तो म्हणाला, "साहेब, लग्न केलं तर तो फॉर्म रद्द होतो ना?" मला वाटलं, हा माणूस काय वेड्यासारखं बोलतोय. एका फॉर्मसाठी कुणी लग्न टाळतं का?

तो १९९८ ला गेला, कावीळ. दुसरा आला कागदपत्रं घेऊन. ऑफिसात भाऊबंदही आले होते. क्लार्कने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? तो म्हणाला, "नॉमिनी." भाऊबंद बरंच बोलले. तो काहीच बोलला नाही, फॉर्मवर बोट ठेवून उभा राहिला. सह्या झाल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, पैशांचं होईल तेव्हा होईल, लॉकरमधला त्याचा वर्नियर मला मिळेल का? लॉकरची चावी माझ्याकडे होती. मी दिला. पुसून रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

मला तेव्हाही कळलं नाही. पोरीने मशीद बंदरची खोली लिहिली, या मुलाने दोर लिहिला, तेव्हा कळलं.

माथाड्याची_लेक

काका.

गॅस_चार्जिंग

काका, तो वर्नियर घेऊन गेलेला माणूस नंतर कुठे काम करायचा?

कळवा_नाका

रबाळ्याला, एका छोट्या गाळ्यात. रिटायर होईपर्यंत. मी एकदा भेटायला गेलो होतो, त्याच वर्नियरने माप घेत होता.

टर्नरचा_मुलगा

काका, परवानगी असेल तर हे कथेत घेतो, माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने. नात्याच्या रकान्यापासून सुरुवात करेन. रुळावरचा शेवट काढून टाकलाय.

रविवारी सकाळी अकराला मी ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयात असेन. नवीन खर्डा घेऊन येतो. काका, तुम्हाला पुलावरून यायला त्रास होणार असेल तर मी कळव्याला घ्यायला येतो. गॅस_चार्जिंग दादा, तुम्ही आलात तर बरं वाटेल, नाही आलात तरी खर्डा इथे टाकेन. ताई, तुम्ही मावशीचं लिहायला घ्या.

गॅस_चार्जिंग

रविवारी दोन सर्व्हिसिंग आहेत, एक पाचपाखाडीलाच. साडेअकरापर्यंत पोचतो. जोडीदार सोबत असेल, चालेल ना?